शेपटीवाचून उडणारे विमान

मुले संगणकापुढे बसून खेळतात काय, आणि त्या खेळातून त्यांच्या पदरी पडते काय, हा प्रश्न पालकवर्गाकडून आम्हांस वरचेवर विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. खेळ म्हटला की तो सर्वस्वी व्यर्थ, असे म्हणणे जितके एकांगी, तितकेच संगणकावर जे जे घडते ते ते शिक्षण, असे म्हणणेही एकांगी होय. असल्या प्रश्नाचा निकाल सामान्य विधानांनी लागत नाही. एखादे उदाहरण हाती घेऊन ते शेवटपर्यंत तपासून पाहावे लागते. आमच्या वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत संगणकावरील एका खेळात अमेरिकेच्या बी-२ नावाच्या बाँबफेकी विमानाची प्रतिकृती बांधली व ती उडविली. तेच उदाहरण आम्ही येथे घेतो. अशी प्रतिकृती कशी बांधावी, ती उडविताना कोणत्या अडचणी येतात, आणि मूळ विमानाचे कोणते गुण तिच्यात उतरतात व कोणते उतरत नाहीत, हे क्रमाने पाहू. म्हणजे खेळ कोठे संपतो आणि अभ्यास कोठे सुरू होतो, हे वाचकांस आपले आपणच ठरविता येईल.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. या जातीच्या खेळांस सँडबॉक्स, म्हणजे रेतीची पेटी, असे नाव आहे. रेतीच्या ढिगावर मुले खोपा करतात, विहीर खणतात, ती मोडतात आणि पुन्हा नवी करतात. तेथे कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही. तद्वतच या खेळांत मनास येईल ते बांधावयाचे असते. आमच्या विद्यार्थ्यांनी घेतलेला खेळ 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा होय. मेक्सिको शहरातील स्क्वाड या मंडळीने तो २०११ साली प्रथम लोकांपुढे ठेवला आणि २०१५ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्यात कर्बिन नावाचा एक काल्पनिक ग्रह आहे. त्याची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, म्हणजे आपल्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या एकदशांशाहूनही कमी. परंतु त्याच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेच धरलेले आहे. खेळणाऱ्यास पंखांचे तुकडे, तेलाच्या टाक्या, इंजिने, चाके इत्यादी साहित्य मिळते. प्रत्येक भागाचे वजन, पंखांची उचल, हवेचा रोध आणि इंजिनांचा रेटा यांचा हिशेब संगणक क्षणोक्षणी करीत असतो. विमान चुकीचे बांधले तर ते पडते. का पडले, हे मात्र कोणी सांगत नाही. ते बांधणाराने शोधून काढावयाचे असते. आमच्या मते या खेळाचा खरा गुण हाच होय.

आता ज्याची प्रतिकृती करावयाची ते मूळ विमान पाहू. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप कंपनीने बांधलेले बी-२ हे विमान २२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॅलिफोर्निया प्रांतातील पामडेल येथे प्रथम लोकांस दाखविण्यात आले आणि १७ जुलै १९८९ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. अशी एकंदर २१ विमाने बांधली गेली. विमान म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे लांबट धड, दोन बाजूंस दोन पंख आणि मागे उभी शेपटी असे चित्र येते. या विमानास धडही नाही आणि शेपटीही नाही. ते नुसता एक पंखच आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची रुंदी १७२ फूट, नाकापासून मागील कडेपर्यंत लांबी ६९ फूट आणि उंची १७ फूट. पंखाच्या पोटात ४ इंजिने दडविलेली असून प्रत्येकाचा रेटा सुमारे १७,३०० पौंड आहे. उड्डाणसमयी त्याचा भार जास्तीत जास्त ३,३६,५०० पौंड, म्हणजे सुमारे १५२ टन, असू शकतो. एवढे प्रचंड यंत्र अवघे २ वैमानिक चालवितात.

प्रतिकृतीचा पहिला धडा प्रमाणाचा. १७२ ला ६९ ने भागले असता सुमारे अडीच येतात. म्हणजे प्रतिकृती लहान असो वा मोठी, तिची रुंदी लांबीच्या अडीचपट असली पाहिजे. पुढील दोन्ही कडा सुमारे ३३ अंशांनी मागे कललेल्या आहेत. मागील कड करवतीच्या दातांसारखी नागमोडी दिसते. परंतु नीट पाहिल्यास ध्यानात येईल की, तिच्यातील प्रत्येक सरळ रेषा पुढील दोन कडांपैकी एकीशी समांतर आहे. वरून दिसणारी संपूर्ण आकृती अशा रीतीने दोनच दिशांच्या रेषांनी बनलेली आहे. हे ज्याने ओळखले त्यास कोनमापक व पट्टी घेऊन ती आकृती वहीत काढण्यास अर्धा तास पुरतो. जो ओळखत नाही तो चित्राकडे पाहून अंदाजाने तुकडे जोडतो आणि डावा पंख उजव्यास का जुळत नाही, म्हणून खिन्न होतो. म्हणून आमचा नियम असा की, प्रथम वही आणि मग संगणक.

आकृती जुळली की बहुतेकांस वाटते, काम झाले. वास्तविक काम येथे सुरू होते. हुबेहूब दिसणारी प्रतिकृती धावपट्टीवरून सुटते, क्षणभर वर चढते, नाक आभाळाकडे करते आणि पाठीवर उलटून पडते. असे का व्हावे? याचे उत्तर वऱ्हाडातील कोणताही गाडीवान देईल. बैलगाडीत कापूस भरताना ओझे आसाच्या मागे जास्त झाले तर गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांस फास बसतो. ओझे फारच पुढे आले तर सारा भार बैलांच्या मानेवर पडतो. शहाणा गाडीवान भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो, म्हणजे जू खांद्यावर बेताने बसते. विमानाचेही असेच आहे. साऱ्या वजनाचा जो मध्य तो गुरुत्वमध्य. पंखांच्या साऱ्या उचलीचा जो मध्य त्यास आपण उचलमध्य म्हणू. खेळात कळ दाबली असता गुरुत्वमध्य पिवळ्या गोळ्याने व उचलमध्य निळ्या गोळ्याने दाखविला जातो. पिवळा गोळा निळ्याच्या किंचित पुढे असावा. अशा विमानाचे नाक वाऱ्याच्या झोताने वर उचलले गेले तर पंखांची उचल वाढते. ती उचल गुरुत्वमध्याच्या मागे लागत असल्यामुळे मागची बाजू वर जाते आणि नाक पुन्हा खाली येते. विमान आपले आपण सावरते. गोळ्यांचा क्रम उलटा झाला की हीच वाढलेली उचल नाकास आणखी वर लोटते, आणि विमान पाठीवर पडते.

साध्या विमानात हा तोल राखण्याचे काम शेपटी करते. ती गुरुत्वमध्यापासून फार मागे असल्यामुळे थोड्याशा बळाने पुष्कळ काम होते; लांब तरफेने जड धोंडा हलतो, त्यातलाच हा प्रकार. पतंगास शेपटी का लावतात, हे मुलांस सांगावयास नको. मग शेपटी नसलेल्या विमानाने काय करावे? एक उपाय असा की, पंख मागे कललेले असल्यामुळे त्यांची टोके गुरुत्वमध्याच्या मागे पडतात, त्या टोकांसच शेपटीचे काम सांगावे. प्रतिकृतीत टोकाकडील तुकड्यांची पुढील कड अंशभर खाली झुकविली की पुष्कळ फरक पडतो. तथापि टोके कितीही मागे असली तरी खऱ्या शेपटीइतकी ती मागे नसतात. तरफ आखूड झाली आणि म्हणून सुकाणूची ताकदही कमी झाली. याचा पडताळा धावपट्टीवरच येतो. मागील चाके फार मागे बसविली तर विमान नाक उचलतच नाही व धावपट्टी संपते. ती चाके गुरुत्वमध्याच्या थोडीशीच मागे हवीत.

दुसरी अडचण तेलाची. इंजिने चालू लागली की टाक्या रिकाम्या होतात आणि गुरुत्वमध्य सरकू लागतो. पुढील टाकी आधी रिकामी झाली तर वर्तुळाकार फेरी मारून परत येताना, नेमके उतरण्याच्या वेळी, विमान उलाळते. म्हणून टाक्या गुरुत्वमध्याच्या भोवती सारख्या वाटून ठेवाव्यात, आणि बांधतानाच त्या भरून व रिकाम्या करून पिवळा गोळा किती सरकतो ते पाहावे. तिसरी अडचण वळण्याची. उभी शेपटी नाही म्हणजे डावीकडे-उजवीकडे नाक वळविणारे सुकाणू नाही. मूळ विमानात यावर केलेली युक्ती मोठी सुंदर आहे. पंखांच्या टोकांशी दोन पाळ्यांच्या फळ्या आहेत. उजव्या टोकाची फळी शिंपल्याप्रमाणे वर व खाली उघडली की त्या बाजूस हवेचा रोध वाढतो, उजवा पंख मागे ओढला जातो आणि नाक उजवीकडे वळते. उजव्या बैलाचा कासरा ओढला की गाडी उजवीकडे वळते, त्यासारखेच हे. खेळातही टोकांशी रोधक फळ्या लावून त्या वळण्याच्या आज्ञेस जोडता येतात.

ही कल्पना जुनी आहे. जॅक नॉर्थ्रॉप या अभियंत्याने हयातभर शेपटीवाचूनच्या विमानाचा ध्यास घेतला होता. २१ ऑक्टोबर १९४७ रोजी त्याच्या कंपनीचे वायबी-४९ हे जेट इंजिनांचे विमान उडाले. त्याचीही रुंदी नेमकी १७२ फूटच होती. परंतु ५ जून १९४८ रोजी अशा एका विमानाचा अपघात होऊन आतील पाचही माणसे मृत्यू पावली. त्यांतील कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स यांचे नाव कॅलिफोर्नियातील त्या विमानतळास पुढे देण्यात आले. ते विमान सैन्यात घेतले गेले नाही आणि नॉर्थ्रॉपचे स्वप्न अर्धवट राहिले. १९८० साली, अगदी वृद्धपणी, त्यास नव्या गुप्त विमानाचा नमुना दाखविण्यात आला. १९८१ साली तो वारला. मधल्या काळात आकृतीत म्हणण्यासारखा बदल झाला नव्हता. बदल झाला होता तो हा की, माणसाच्या हातास जे सावरणे जमत नव्हते ते सावरणारा संगणक निर्माण झाला होता. बी-२ विमानात वैमानिकाची आज्ञा प्रथम संगणकाकडे जाते. विमानाचा वेग किती, नाक हवेशी किती कोन करते, हे अनेक मापकांकडून जाणून घेऊन तो संगणक पंखांच्या फळ्या सेकंदात कित्येक वेळा हलवितो. खेळातही स्थैर्य राखणारे असे एक साधन असते. ते काही वेळ बंद ठेवून विमान उडवून पाहावे, म्हणजे ते काय करीत होते हे कळते.

परंतु संगणकास स्वतःचे डोळे नसतात. मापक सांगतील तेच त्यास खरे. २३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाम बेटावरील अँडरसन तळावरून एक बी-२ विमान उडाले. त्याच्या हवामापकांच्या २४ साधनांपैकी ३ साधनांत ओल शिरलेली होती. ती ओल असतानाच त्यांची मापे जुळवून घेतली गेली, आणि पुढे ओल सुकताच ती खोटी ठरली. त्यामुळे प्रत्यक्षात असलेल्या वेगापेक्षा जास्त वेग संगणकास कळला. शिवाय नाक खाली आहे असेही त्यास वाटले. त्याने आपले कर्तव्य बजावून नाक एकदम वर उचलले. विमानाचा वेग अपुरा होता. ते डगमगून खाली आले, डावा पंख जमिनीस लागला आणि सुमारे १४० कोटी डॉलरांचे ते यंत्र जळून गेले. दोघेही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेल्यामुळे वाचले. याहून विचार करण्यासारखी गोष्ट चौकशीत निघाली. मापक आधी तापवून ओल घालविली असता हा घोटाळा टळतो, हे काही जणांस २००६ पासून ठाऊक होते; परंतु ती माहिती लिहून सर्वांपर्यंत पोहोचविली गेली नव्हती. यंत्रात दोष नव्हता, आकृतीत दोष नव्हता, वैमानिकांचा हातही चुकला नव्हता. माप खोटे होते, आणि जे एकास ठाऊक होते ते दुसऱ्यास सांगितले गेले नव्हते.

येथे सहजच प्रश्न येतो की, शेपटी काढून एवढी सारी आपत्ती का ओढवून घ्यावी? याचे उत्तर चिखलदऱ्यास मिळेल. सहलीस गेलेल्या प्रत्येक मुलाने तेथील पंचबोल या ठिकाणी दरीच्या काठी उभे राहून हाक मारली असेलच. समोरच्या कड्यांवर आपटून ती हाक परत येते. रडार नावाचे यंत्र असेच करते. फरक इतकाच की, ते आवाजाऐवजी रेडिओलहरींचा झोत सोडते आणि विमानावर आपटून परत आलेल्या पडसादावरून ते विमान कोठे आहे व किती दूर आहे हे ओळखते. आता कडा जर समोर सरळ उभा नसून आडव्या उताराचा असेल तर हाक भलतीकडे निघून जाईल, आपल्याकडे परत येणार नाही. बी-२ विमानाच्या साऱ्या कडा दोनच दिशांस ठेवण्यातील हेतू हाच: जो पडसाद उठेल तो मोजक्या दिशांस जावा, पाहणाराकडे येऊ नये. त्याखेरीज लहरी शोषून घेणारी द्रव्येही त्याच्या अंगावर लाविलेली असतात. शेपटीचा दोष आता ध्यानात येईल. खोलीच्या कोपऱ्यात रबरी चेंडू मारला तर तो दोन भिंतींवर आपटून पुन्हा आपल्याचकडे येतो. आडवा पंख आणि त्यावर उभी शेपटी यांचाही असाच काटकोनी कोपरा होतो व तो लहरींस आल्या वाटेने परत पाठवितो. म्हणून शेपटी काढली. लपण्यासाठी जे काढले, त्याची किंमत तोलात भरावी लागली.

कडांवरून लहरी कशा पसरतात याचे गणित सोव्हिएट रशियातील प्योत्र उफिम्त्सेव या शास्त्रज्ञाने मांडून १९६२ साली प्रसिद्ध केले होते. त्याचे इंग्रजी भाषांतर १९७१ साली झाले आणि त्याचा उपयोग अमेरिकेतील अभियंत्यांनी करून घेतला. यातील एक सोपे गणित आपणही करू शकतो. परत येणारा पडसाद अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. म्हणून विमानाचा पडसाद मूळच्या एकषोडशांश केला तर रडारास ते निम्म्या अंतरावरून दिसेल, कारण २ चा चौथा घात १६ होय. तो दहा हजारांश केला तर एकदशांश अंतरावरून दिसेल. जे विमान २०० किलोमीटरवरून दिसले असते ते २० किलोमीटरवर येईपर्यंत दिसणार नाही. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. असे विमान अदृश्य नसते, केवळ उशिरा दिसते. आणि तेवढ्या उशिरासाठीसुद्धा पडसाद हजारो पटींनी कमी करावा लागतो. आपल्या प्रतिकृतीत हा गुण मुळीच उतरत नाही. खेळात रडारच नाही. तेथे शेपटी असली काय आणि नसली काय, लपण्याच्या दृष्टीने सारखेच. प्रतिकृतीने तोलाचा धडा दिला, परंतु तो तोल कशासाठी बिघडविला होता हे पुस्तकांतूनच कळले.

लपण्याचा दुसरा भाग उष्णतेचा. इंजिनांतून निघणारा तप्त झोत दुरून ओळखू येऊ नये म्हणून बी-२ विमानात तो पंखाच्या वरच्या बाजूने, थंड हवेत मिसळून, बाहेर सोडला जातो. या विमानाची इंजिनव्यवस्था रचणाऱ्या प्रमुख अभियंत्यांपैकी एक, नोशिर गोवाडिया, यांचा जन्म १९४४ साली आपल्या मुंबईतच झाला. पुढे ते अमेरिकेस गेले, तेथील नागरिक झाले आणि १९६८ पासून १९८६ पर्यंत नॉर्थ्रॉप कंपनीत होते. मुंबईच्या मुलाने जगातील अत्यंत कठीण यंत्ररचनेत एवढा वाटा उचलावा, ही अभिमानाची गोष्ट झाली असती. परंतु ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांस अटक झाली. तीच विद्या वापरून त्यांनी चीनसाठी क्षेपणास्त्राचा तप्त झोत झाकणारी नळी रचून दिली व त्याबद्दल पैसे घेतले, असा त्यांच्यावर आरोप होता. ऑगस्ट २०१० मध्ये हवाई बेटांतील न्यायालयात १७ पैकी १४ आरोपांत ते दोषी ठरले आणि जानेवारी २०११ मध्ये त्यांस ३२ वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. बुद्धी, परिश्रम आणि प्रतिष्ठा ही तिन्ही त्यांजजवळ होती. ज्या विश्वासाने ती विद्या त्यांच्या हाती सोपविली गेली, त्या विश्वासाचा तोल सुटला.

आपल्या देशानेही शेपटीवाचूनचे विमान उडविले आहे, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने बांधलेले असे एक लहान, वैमानिकाविना चालणारे विमान १ जुलै २०२२ रोजी कर्नाटकातील चित्रदुर्ग येथील चाचणीक्षेत्रावरून प्रथम उडाले. धावपट्टीवरून सुटणे, ठरल्या मार्गाने जाणे आणि परत येऊन उतरणे ही सर्व कामे त्याने आपली आपण केली. १५ डिसेंबर २०२३ रोजी त्याच्या पुढील चाचणीचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यात उतरण्यासाठी जमिनीवरील रडारची मदत न घेता विमानावरील मापके आणि 'गगन' ही आपली उपग्रहव्यवस्था यांचाच उपयोग केलेला होता. ते विमान लहान असण्याचे कारण उघड आहे. मोठे यंत्र बांधण्यापूर्वी लहान प्रतिकृतीवर तोल शिकून घ्यावा, हाच मार्ग अभियंतेही धरतात. आमच्या विद्यार्थ्यांनी संगणकावर जे केले ते त्याच शिडीची अगदी खालची पायरी होय, यात संशय नाही.

आता एका गोष्टीचा उल्लेख टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्याची प्रतिकृती मुले हौसेने बांधतात ते विमान बाँब टाकण्यासाठी निर्माण झाले आहे. खेळातल्या ग्रहावर गावे नाहीत, बाजार नाही, शाळा नाही. तेथे काहीही पडले तरी कोणाचे घर मोडत नाही. मूळ विमान जेथून जाते तेथे खाली माणसे असतात. ७ मे १९९९ रोजी युगोस्लाव्हियाच्या बेलग्रेड शहरात बी-२ विमानातून टाकलेले बाँब चीनच्या वकिलातीवर पडले आणि तीन चिनी वृत्तपत्रकार मरण पावले. अमेरिकेने खुलासा केला की, मारा एका सरकारी कचेरीवर करावयाचा होता, परंतु तिचा पत्ता चुकीचा ठरविला गेला. चीनने हा खुलासा मानला नाही. खुलासा खरा धरला तरी त्यातून काय दिसते? विमान लपले, तोल सांभाळला, बाँब दिलेल्या जागी नेमके पडले. फक्त ती जागाच चुकीची होती. ग्वाम बेटावर मापक खोटे बोलले तेव्हा यंत्र गेले. बेलग्रेडमध्ये पत्ता खोटा निघाला तेव्हा माणसे गेली.

अंजनगाव सुर्जीच्या मुलांस ही गोष्ट कळण्यास कठीण नाही. १८०३ सालच्या डिसेंबरात येथून जवळच गाविलगडावर तोफा चालल्या आणि १५ डिसेंबर रोजी तो गड पडला. परंतु आपल्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आले ते लढाईमुळे नव्हे. त्याच महिन्याच्या ३० तारखेस दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यामध्ये येथे तह झाला, त्यामुळे ते आले. तो तह आपल्या लोकांस सुखाचा नव्हता. तरीही लढाईचा शेवट अखेर कागदावरच झाला. प्रतिकृती बांधणाऱ्या मुलाने ती उडविताना हे मनात बाळगावे, एवढेच आमचे म्हणणे. यंत्र कसे चालते हे शिकण्यास कोणाची हरकत नाही; ते कोणावर चालते, हेही त्याच वहीत लिहिलेले असावे.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. मूल खेळून उठल्यावर त्याच्याजवळ वही आहे की नाही, हे पाहावे. वहीत आकृती असेल, मापे असतील, 'आज चाके चार अंगुळे पुढे घेतली, विमान उचलले' अशी नोंद असेल, तर ती दोन घटका अभ्यासातच गेली असे खुशाल समजावे. वही कोरी असेल तर खेळ तो खेळच. तोही थोडा असावा, परंतु त्यास अभ्यासाचे नाव देऊ नये. विद्यार्थ्यांनी एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा: एका वेळी एकच बदल करावा. टाकी, चाके आणि पंख तिन्ही एकदम हलविली आणि विमान उडाले, तर ते कशामुळे उडाले हे कधीच कळणार नाही. आणि जे कळले ते शेजारच्या मित्रास सांगावे. ग्वाम येथील ओल विसरू नये.

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. जाड कागदाचा वरील आकृतीचा तुकडा कापावा, नाकाशी कणकेची लहानशी गोळी चिकटवावी आणि तो अलगद सोडावा. गोळी पुढे-मागे, लहान-मोठी करून पाहिली की गुरुत्वमध्याचा सारा पाठ त्या कागदावर शिकता येतो. मागील कडेचे कोपरे किंचित वर मुडपले असता काय होते, तेही पाहावे.

पुढील प्रश्न सर्व विद्यार्थ्यांनी वहीत सोडवून आणावे.

१. कागदी प्रतिकृतीची रुंदी ५० सेंटिमीटर घेतली तर लांबी किती घ्यावी?

२. एक विमान रडारास १६० किलोमीटरवरून दिसते. त्याचा पडसाद मूळच्या २५६ व्या हिश्श्याइतका केला तर ते किती अंतरावरून दिसेल?

३. विमानाची मागील टाकी आधी रिकामी झाली तर नाक वर जाऊ पाहील की खाली? कारण बैलगाडीच्या दृष्टान्ताने लिहा.

४. आपल्या घरातील किंवा शेतातील असे एक काम शोधा की, ज्यात माप चुकले तर पुढचे सर्व नीट करूनही काम फसते. त्याचे वर्णन दहा ओळींत करा.